गारखिंडीला बर्फ पडला त्याची नोंद

बर्फाला बांगड्याचा वास येत होता.

हे पहिल्यांदा बोलून दाखवलं कोंडिबा ढेब्यांनी. सकाळचे पावणेसात वाजले होते. परचुरेकाकांच्या अंगणात आम्ही चौघं गुडघ्यांवर बसलो होतो आणि तुळशीपासून पर्जन्यमापकापर्यंतची सगळी जमीन पांढरी झाली होती. ढेब्यांनी चिमूटभर उचललं, नाकाशी नेलं आणि मान तिरकी केली.

"काका, ह्येला मासळीचा वास हाय."

"बर्फाला वास नसतो," काका म्हणाले.

"नसतो, पर हाय."

डॉक्टर खटावकरांनी वाकून हुंगलं. मग ते उठले, चष्मा पुसला आणि सभेतला आवाज लावून म्हणाले, "अध्यक्षमहाराज, हे अपेक्षितच होतं. या वर्षी वारा पश्चिमेचा आहे. बाष्प आलं ते हर्णैवरून, दाभोळवरून. वाटेत ते काय काय उचलून आणेल, त्याचा नेम नाही."

मी तेव्हा गारखिंडीच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे. समुद्राचं पाणी वाफ होऊन वर जाताना साधं मीठसुद्धा बरोबर नेत नाही, हे दरवर्षी सहावीच्या पोरांच्या डोक्यात घालता घालता माझा घसा बसायचा. तिथे अख्खा बांगडा घाट चढून आला म्हणे! मी तोंड उघडलं. पण दारात मनोरमाकाकी चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या, त्यांच्या छातीतली शिट्टी मला तिथपर्यंत ऐकू येत होती, आणि मी तोंड मिटलं.

थांबा. आधी मागचं सांगते. नाहीतर तुम्हाला वाटेल, चार शहाणीसुरती माणसं सकाळी सकाळी अंगण काय हुंगत बसली होती.

गारखिंड हे घाटमाथ्यावरचं गाव. समोरच्या डोंगरापलीकडे महाबळेश्वर. तिकडे वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले की पेपरात फोटो छापून येतो. आमच्याकडे गोठले तर कुत्रं विचारत नाही. या एका रागापोटी धुंडिराज परचुऱ्यांनी चाळिशीत 'गारखिंड हवामान निरीक्षक मंडळ' काढलं. बांधकाम खात्यात सर्व्हेअर होते ते. मोजल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. रोज सकाळी सहाला आंघोळ, साडेसहाला अंगणातल्या पेटीतला थर्मामीटर, आणि मग लाल वहीत नोंद. किमान, कमाल, वारा, पाऊस. आणि जे काही आभाळातून पडलं असेल ते कुठून आलं, त्याची दिशा. शेवटी शेरा. चौतीस वर्षं एक दिवस चुकला नाही. एकुलत्या लेकीचं लग्न नेमकं सकाळच्या मुहूर्तावर लागलं, तर तिसऱ्या मंगलाष्टकाला हा माणूस मांडवातून उठला आणि पाचवं संपायच्या आत नऊ पूर्णांक दोन लिहून परत आला. वहीत खाडाखोड नाही. लिहिलं ते लिहिलं.

मंडळात आम्ही चौघंच. काका अध्यक्ष. ढेबे स्ट्रॉबेरीवाले, त्यांच्याकडे वारा. खटावकर गावातले एकुलते डॉक्टर, त्यांच्याकडे ढग. आणि मी, शुभदा केळुसकर, चिटणीस. मला मंडळात घेतलं तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं, बाई आहे, चहाचं बघेल. त्याच हिवाळ्यात गवतावर पांढरं दिसलं आणि तिघंही 'हिमकण, हिमकण' करत नाचायला लागले. मी बोट लावून सांगितलं, नुसतं दव आहे. काका तीन आठवडे माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या आठवड्यात त्यांनी मला चिटणीस केलं. "मंडळात एक तरी माणूस खरं बोलणारं हवं," म्हणाले. मी त्या वाक्यावर वर्षभर फुगून होते.

आणि मनोरमाकाकी. त्यांना दमा. थंडीत तो असा उसळायचा की रस्त्याच्या अलीकडे माझ्या खोलीत त्यांची धाप ऐकू यायची. गुहागरला लेक होती, सुनंदा. तिनं आईवडिलांसाठी खालच्या मजल्यावर खोली बांधून ठेवली होती. पाच वर्षं ती खोली कुलपात. काका जायला तयार नाहीत, कारण वही. काकी दोनदा एकट्या जाऊन आल्या. दोन्ही वेळा आठवड्याच्या आत परत.

"अगं, फोन करून विचारलं जेवलात का, तर म्हणाले हो," त्या मला सांगत होत्या. "काय जेवलात विचारलं, तर म्हणाले सत्तावीस मिलिमीटर. आता अशा माणसाला टाकून कशी जाऊ मी?"

त्या वर्षी कोजागिरीला मंडळाची सभा होती. दूध देता देता काकी धाप लागून मटकन खाली बसल्या. ओठ निळे पडले. डॉक्टरांनी पंप दिला, नाडी धरली आणि काकांकडे न बघता म्हणाले, "काका, हा हिवाळा इथे काढू नका. मी स्पष्ट सांगतो. यांची फुप्फुसं आता ही थंडी सोसणार नाहीत."

काका घाबरले की चिडायचे. तसेच चिडले. "जाऊ ना! नाही कोण म्हणतंय? गारखिंडीला एकदा बर्फ पडू दे. ज्या दिवशी बर्फ पडेल, त्या दिवशी वही मिटतो आणि तुझ्याबरोबर खाली उतरतो!"

"लिहून द्या," काकी खाली बसल्या बसल्याच म्हणाल्या.

"बाई, ठराव लिहा."

आणि मी लिहिला हो! ठराव क्रमांक एकशे बारा. सूचक परचुरे, अनुमोदक ढेबे. आता सांगायला लाज वाटते, पण लिहून झाल्यावर मी ऱ्हस्वदीर्घसुद्धा तपासलं. साडेचार हजार फुटांवर, इतक्या दक्षिणेला बर्फ सात जन्मांत पडत नाही, हे त्या अंगणात बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काकींना तर सगळ्यात जास्त. तरी त्यांनी तो माझ्याकडून एका कागदावर उतरवून घेतला, चार घड्या घातल्या आणि कनवटीला लावला.

आणि नेमका त्या वर्षी वारा सुटला.

डिसेंबर लागल्यापासून जो सुटला तो थांबायचं नावच घेईना. मंडळाची पाटी उडून झुलेखाचाचींच्या मासळीच्या दुकानात पडली. ढेब्यांच्या वाफ्यांवरचा प्लास्टिकचा कागद देवळाच्या कळसाला जाऊन अडकला, आणि तो काढायला गेलेले ढेबे वर चढून अर्धा तास वाऱ्याचा वेगच मोजत बसले. काकांच्या छपरावरचा पत्र्याचा कोंबडा, वाऱ्याची दिशा दाखवायचा तो, गरागरा फिरून शेपटी गमावून बसला. रोज संध्याकाळी सभा.

"वारा असला की दव गोठतच नाही," मी म्हणाले. "थंड हवा जमिनीशी बसायला हवी. हा तिला बसू कुठे देतोय?"

"जगाचंच हवामान फिरलंय," डॉक्टर म्हणाले. "तिकडे वाळवंटात बर्फ पडला. मी स्वतः वाचलं."

"मंग हितं का न्हाई?" ढेबे एकदम सरसावून बसले. "वाळवंटात पडतंय तर आमच्या गारखिंडीनं काय घोडं मारलंय?"

काकांनी घसा खाकरला. "वाळवंटात पडला, ठीक. पण नोंद एकमतानं झाली का?"

यावर डॉक्टरांनी हात टेकले. कारण काकांच्या मंडळाची घटनाच तशी होती, अगदी पहिल्या वर्षीची. बर्फ पडला असं नुसतं म्हणून चालायचं नाही. सगळ्या सभासदांनी जागेवर जमून तो बघायचा, हातावर विरघळवायचा, जिभेवर घ्यायचा, आणि एकेकानं 'हिम' असं म्हणायचं. अध्यक्षांनी शेवटी. एकानं जरी नाही म्हटलं तरी नोंद नाही.

आत काकी खोकत होत्या. तो खोकला सुरू झाला की आम्ही सगळे आवाज चढवून बोलायचो. काका मात्र पेन्सिल हातात नुसती फिरवत राहायचे.

जानेवारीत एकदा मीच धीर करून गेले. बाहेरच्या खोलीत काका टेबलाशी बसले होते. त्या टेबलाला टेकूनच फ्रीज उभा असायचा, कारण स्वयंपाकघरात प्लग एकच आणि तो मिक्सरला. फ्रीजची घरघर आणि काकांची बेरीज बरोबरीनं चालायची.

"काका, तो ठराव मागे घ्या. मी खोडते सभेच्या वहीतून. कुणाला कळणारसुद्धा नाही."

"बाई, चौतीस वर्षांत मी एक आकडा मागे घेतला नाही."

"हा आकडा नाही. काकी आहेत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. इतका थकलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "मला काय जायचं नाही, असं वाटतं तुम्हाला? रोज सकाळी उठून आभाळाकडे बघतो मी. पण शब्द देऊन बसलोय. आता बर्फ पडल्याशिवाय माझी सुटका नाही हो."

अशा माणसाला काय म्हणावं! मला रडू आलं आणि रागही आला. रागाच्या भरात मी घरी जाऊन भांडी आपटली.

एकोणीस जानेवारीला पहाटे वारा पडला. दीड महिन्यानं कानात शांतता भरली, त्यानंच मला जाग आली. बराच वेळ तशीच पडून राहिले, आणि उजाडताना समोरून हाक आली, "बाई! सभा! ताबडतोब सभा!"

काका पंचा नेसून, ओल्या अंगानं अंगणाच्या पायरीवर उभे होते. समोर पांढरं.

तर असे आम्ही गुडघ्यांवर येऊन पोचलो.

"थर्मामीटर काय म्हणतोय?" मी विचारलं.

"नऊ पूर्णांक सहा," काका म्हणाले.

"नऊ पूर्णांक सहाला बर्फ?"

"वर थंड, खाली उबदार," डॉक्टर घाईनं म्हणाले. "ढग माझ्याकडे आहेत, बाई. मी सांगतो ना."

"आणि रस्त्यावर नाही? झुलेखाचाचींच्या छपरावर नाही? फक्त या अंगणात?"

"त्यात काय!" ढेबे म्हणाले. "गेल्या साली माझ्या वरल्या वावरात गारा पडल्या, खालच्यात एक थेंब न्हाई. आभाळाचं असंच असतंया."

कुंपणापलीकडे झुलेखाचाची उभ्या होत्या. दोन्ही हात शालीत घट्ट गुंडाळलेले. त्या अगदी लक्ष देऊन आभाळाकडे बघत होत्या. आभाळात काही नव्हतं.

"ईशान्येच्या कोपऱ्यात वास वेगळा आहे," काका म्हणाले. ते तिकडे उकिडवे बसले होते. "इकडे मासळी नाही. इकडे... वाटाणा."

"सासवड!" डॉक्टर जवळजवळ ओरडलेच. "ईशान्येला सासवड. वाटाण्याचा हंगाम. म्हणजे दोन वारे इथे येऊन भिडले, आणि त्यांच्या टकरीतून हे पडलं. वा! वा!"

तेवढ्यात ढेब्यांच्या बोटाला काहीतरी लागलं. त्यांनी ते उचलून तळहातावर धरलं. हिरवागार, गोल, गोठलेला वाटाणा. काका हळूहळू मान वळवत होते. डॉक्टरांनी पटकन हात पुढे केला, वाटाणा उचलला आणि तोंडात टाकला.

"केंद्रक," चावता चावता ते म्हणाले. "गार बनते ना, तिच्या पोटात काहीतरी कण लागतो. धूळ म्हणा, परागकण म्हणा."

"आणि तुम्ही तो खाल्लात?" काका म्हणाले.

"तपासणी," डॉक्टर म्हणाले आणि गिळला.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. खटावकर वहिनी दर हिवाळ्यात सासवडहून पोतंभर वाटाणा आणून सोलून फ्रीजरमध्ये ठेवतात, हे अख्ख्या गावाला माहीत. माझ्या डोक्यात काहीतरी टक्कन वाजलं. मी वाकून मूठभर बर्फ उचलला आणि हुंगला.

नुसता बांगडा नव्हता तो. त्यात तिरफळ होतं.

आता गारखिंडीत मासे खाणारी घरं वीस-बावीस असतील. पण तिरफळं घालून बांगड्याचं तिखलं करणारं घर एकच. माझं. आणि दर रविवारी संध्याकाळी मनोरमाकाकी माझ्याकडे यायच्या. जन्मात कधी मासळीच्या वाऱ्याला उभी न राहिलेली ही बाई उलथणं आणि पत्र्याचा डबा घेऊन माझ्या फ्रीजसमोर बसायची. "किती गं बर्फ धरतो तुझा फ्रीज! वीज खातो तो. दे, मी खरवडून देते." मला वाटायचं, किती माया या बाईची! मी त्यांना चहा करून द्यायचे. कोजागिरीपासून जानेवारीपर्यंत, एक रविवार चुकला नाही.

माझ्या मुठीत काहीतरी टोचलं. तिरफळाचं काळं टरफल. मी मूठ घट्ट मिटली.

"घ्या मत," काका म्हणाले. "डॉक्टर?"

डॉक्टरांनी चिमूट जिभेवर ठेवली. "हिम."

"ढेबे?"

ढेब्यांनी जिभेवर ठेवलं, एक डोळा मिटला. "हिम. जरा खारट हाय, पर हिम."

"केळुसकर बाई?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मंडळातलं ते एक खरं बोलणारं माणूस! काकांची वही मी जपून हाताळायचे. हातात घ्यायच्या आधी हात धुऊन घ्यायचे. चौतीस वर्षांत त्या वहीत एक खोटा आकडा नव्हता, आणि तो पहिला घालायचं काम माझ्या जिभेवर येऊन ठेपलं होतं. मी दाराकडे पाहिलं. काकींनी ट्रे खाली ठेवला नव्हता. ट्रे धरलेली त्यांची बोटं मला दिसली. दहाच्या दहा बोटांची टोकं लाल, सुजलेली, फुटलेली. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. श्वास घ्यायच्या खटपटीत होत्या.

मी बर्फ जिभेवर ठेवला. माझंच तिखलं, मागच्या रविवारचं.

"हिम," मी म्हणाले.

आता काका. ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले. अंगावर अजून पंचाच. त्यांनी खाली वाकून चिमूट घेतली, जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. किती वेळ मिटले कोण जाणे. आयुष्यात कधी अंड्याला न शिवलेला तो माणूस माझा बांगडा चाखत उभा होता आणि मी देवाचं नाव घेत होते.

"वारा कुठला, ढेबे?"

"पश्चिमेचा," ढेबे म्हणाले.

काकांनी छपरावरच्या शेपूटतुटक्या कोंबड्याकडे पाहिलं. कोंबडा जागचा हलत नव्हता. पानसुद्धा हलत नव्हतं.

"बरं," काका म्हणाले. "हिम."

ते आत गेले. टेबलाचा खण उघडल्याचा आवाज आला, मग पान उलटल्याचा. मग वही मिटल्याचा आवाज, आणि पाठोपाठ काकांचा, "मनोरमा, बॅगा कुठे आहेत? एकची गुहागर गाडी मिळते का बघू."

काकींच्या हातातला ट्रे मी घेतला, नाहीतर पडलाच असता. स्वयंपाकघरात मला बाजूला घेऊन त्या कुजबुजल्या, "अकरा घरचे फ्रीज, शुभदा. आणि साठवायला झुलेखाचा मोठा फ्रीजर. पहाटे वारा पडला, तशी तिला उठवलं. हे आंघोळीला गेल्यावर वीस मिनिटांत पसरलं सगळं. यांना काही कळायचं नाही गं. घरात मी आहे, हे थर्मामीटरमध्ये दिसलं तरच कळतं यांना." आणि तेवढ्या धापेतही हसल्या.

मी हसले नाही. एकच्या गाडीत त्यांना बसवलं. काकांनी ती लाल वही स्वतःच्या मांडीवर घेतली, कुणाच्या हातात दिली नाही. गाडी घाटाला लागली तेव्हा ढेबे डोळे पुसत म्हणाले, "वारा सुटला वाटतं परत." सुटला नव्हता.

गुहागरच्या उबेनं काकींचा दमा पुढच्या दोन महिन्यांत असा पळाला की डॉक्टरांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. पण माझ्या मनातली टोचणी काही जाईना. एका सरळ माणसाला आम्ही सगळ्यांनी मिळून फसवलं. काकींना वाचवायला फसवलं, खरं. पण ज्यानं मला 'खरं बोलणारं माणूस' म्हटलं, त्याच्याच वहीत खोटं घुसवलं ते मी. मंडळ बंद पडलं. मी दरवर्षी मे महिन्यात गुहागरला जायचे. काका अंगणात बसलेले असायचे. शेजारी एक रिकामा डबा.

"मोजत नाही हं," ते आधीच सांगायचे. "नुसता ठेवलाय."

आणि मी निघताना न चुकता विचारायचे, "बाई, त्या दिवशी किमान नऊ पूर्णांक सहाच होतं ना?"

"हो काका."

"हं," म्हणायचे आणि समुद्राकडे बघायचे. मला वाटायचं, आता पायच धरावेत आणि सांगून टाकावं. दर वर्षी ठरवायचे, आणि दर वर्षी गाडी पकडून परत यायचे.

नऊ वर्षं काका तिथे छान जगले. गेले ते झोपेत. मी तेराव्याला पोचले. काकी ऐंशीच्या पुढच्या, पण ताठ. आल्या आल्या मला ओरडल्या, की वाळलीस किती. जेवणं उरकल्यावर त्यांनी ट्रंकेतून लाल वही काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ही तुझ्याकडे राहू दे. मला ते बारीक अक्षर दिसत नाही. त्या दिवसाचं काय लिहिलंय ते तेवढं वाच. मी कधी विचारलं नाही. भीती वाटायची."

"मलाही वाटते, काकी."

"वाच."

मी शेवटचं पान काढलं. एकोणीस जानेवारी. काकांचं ते कोरीव अक्षर. मी मोठ्यानं वाचायला लागले. "किमान, नऊ पूर्णांक सहा. वारा, शांत. आकाश, निरभ्र. हिम, पाऊण इंच." आणि पुढची ओळ मी आधी मनातच दोनदा वाचली.

"काय झालं? दिशा काय लिहिली आहे? पश्चिम?"

"नाही काकी," मी म्हणाले. "दिशा, स्वयंपाकघर."

काकी वहीवर वाकल्या.

"आणि शेरा आहे. 'मनोरमेची बोटं फुटली आहेत. कोकमतेल लावणे.'"

काकींनी आपले दोन्ही हात वर करून बघितले. पुढून, मागून. "लावलं होतं," त्या म्हणाल्या. "गाडीत बसायच्या आधी, वाटीत गरम करून, स्वतःच्या हातानं. मी म्हटलं, कशानं फुटली ते विचारत नाहीत की काय? तर म्हणाले, हवा वाईट आहे."

मला हुंदका आवरेना. नऊ वर्षं मी ज्याला फसवलं म्हणून झुरत होते, त्यानं वहीत एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. काकींनी मला रडू दिलं. मग एकाएकी त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"काय लिहिलंय म्हणालीस? स्वयंपाकघर?"

"हो."

"कप्पाळ! आपला फ्रीज स्वयंपाकघरात कधी होता? यांच्या टेबलाला टेकून उभा होता मेला! रोज खरवडताना माझं कोपर यांच्या खुर्चीला लागायचं. दोनदा तर हेच उठून बाजूला झाले, मला नीट बसता यावं म्हणून." त्या थांबल्या. बोलता बोलता काय बोलून गेलो, ते त्यांचं त्यांनाच कळलं. मग डोळे पुसून त्यांनी हात पुढे केला. "पेन आहे का गं? बाहेरची खोली करते. एवढी वर्षं वही लिहिली आणि शेवटची नोंद चुकवून ठेवली."

"काकी, खाडाखोड चालत नाही."

त्यावर त्या जे हसायला लागल्या, आणि त्यांचं बघून मी. तेराव्याच्या घरात आम्ही दोघी पदर तोंडात कोंबून इतक्या हसलो की सुनंदा घाबरून बघायला आली. चांगली पाच-दहा मिनिटं काकी हसत होत्या, आणि तेवढ्यात त्यांना एकदाही खोकला आला नाही.